इंग्लिश लॉन आणि मोहाची पेंड

पुण्यात लंडनपेक्षा जास्त पाऊस पडतो. लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर, पुण्यात ७०० च्या आसपास, आणि मुंबईत तर २,००० च्या वर. तरीही 'पावसाळी देश' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंग्लंड येतो, आणि इंग्लंड म्हटलं की घरापुढचा तो गालिच्यासारखा हिरवा चौकोन.

पाऊस किती पडतो यापेक्षा तो कसा पडतो याला इथे महत्त्व आहे. आपल्याकडे चार महिन्यांत सगळा हिशेब उरकतो आणि मग जमीन तापत राहते. तिकडे तो बारा महिने पिरपिरतो. हिवाळा अंगावर येतो, पण फार गोठवत नाही. उन्हाळा येतो, पण फार भाजत नाही. राय, फेस्क्यू, बेंट ही तिकडची गवतं पारा पाच-सहा अंशांच्या वर गेला की हळूहळू वाढायला लागतात आणि जवळजवळ नोव्हेंबरपर्यंत वाढत राहतात. आपल्या हरळीचं उलट. तिला ऊन हवं, थंडीत ती पिवळी पडते.

त्यामुळे अशी समजूत झाली आहे की इंग्लंडमध्ये लॉन आपोआप उगवतं. गवत उगवतं, हे खरं. पण त्याच ओलीत शेवाळही उगवतं, डेझी उगवते, क्लोव्हर पसरतं, चिखल होतो. आणि त्याच ओल्या मातीत गांडुळं सुखाने नांदतात. गवताला लॉन बनवायचं तर या सगळ्यांशी रोज भांडावं लागतं. लॉनचा इतिहास म्हणजे हे भांडण कोणी केलं, कोणाच्या पाठीवर केलं आणि कशाने केलं याचा इतिहास. त्यात एक पात्र असं आहे, ज्याने सगळ्यांत जास्त काम केलं आणि ज्याला मारण्यासाठी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पैसे मोजले. त्याच्याकडे येऊच.

दवात भिजलेली पाती

'लॉन' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'लाँद' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ झाडांमधली मोकळी जागा, माळरान. म्हणजे मुळात हा शब्द गुरं चरायच्या जागेचा आहे, बागेचा नाही. अठराव्या शतकात बड्या जमीनदारांनी हीच चराऊ जमीन थेट हवेलीच्या पायरीपर्यंत आणली. लॅन्सलॉट 'केपेबिलिटी' ब्राऊन हा त्यातला सगळ्यांत नावाजलेला माणूस. त्याने आखलेल्या बागांमध्ये फुलांचे वाफे कमी, आणि नजर पोचेल तिथवर गवत. लांबवर मेंढ्या चरताना दिसायच्या. त्या घरापर्यंत येऊ नयेत म्हणून मध्ये एक खोल चर असायचा. त्याची भिंत जमिनीच्या पातळीखाली असल्याने खिडकीतून तो दिसतच नसे. या चराला 'हा-हा' म्हणतात. कुंपण आहे, पण दिसत नाही. श्रीमंतीची इतकी नेमकी रचना दुसरीकडे क्वचितच सापडेल.

लांबचं गवत मेंढ्या राखायच्या. जवळचं गवत माणसं कापायची, तेही साध्या विळ्याने नाही. पुरुषभर उंचीच्या दांड्याला लावलेलं लांब, वाकडं पातं कमरेतून झोक देऊन जमिनीलगत फिरवायचं. कोरडं गवत पात्यापुढे नुसतं वाकतं, म्हणून काम पहाटे, दव असताना सुरू व्हायचं. मागून बायका कापलेलं गवत झाडून गोळा करत. मग जड रोलर फिरवायचा. मालक उठून खिडकीशी येईपर्यंत सगळं आटपलेलं. वाढीच्या दिवसांत हे पुन्हा पुन्हा करावं लागे.

गवत इतक्या वेळा कापलं तरी मरत का नाही? कारण त्याचा वाढीचा कोंब टोकाला नसतो, बुडाशी, मातीलगत असतो. गुरांच्या दातांशी लाखो वर्षं जुळवून घेत ते असं झालं. वरचं पान गेलं तरी खालून नवं सरकतं. बाकीच्या अनेक झाडांचा शेंडा खुडला की ती मागे पडतात. अख्खं लॉन शरीररचनेच्या या एका गोष्टीवर उभं आहे.

लाल गणवेशाच्या गिरणीतून

ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. ब्रिटिश सैन्याच्या लाल गणवेशाचं कापड ही त्यांची ख्याती. विणलेल्या कापडावर लोकरीचे बारीक तंतू उभे राहतात. ते एकसारखे कातरायला गिरणीत एक यंत्र असे: फिरत्या दंडगोलावर पिळाच्या आकारात बसवलेली पाती. एडविन बडिंग नावाच्या तिथल्या कारागिराला वाटलं, कापडावरची लव कातरता येते तर जमिनीवरची का नाही?

१८३० साली त्याला या यंत्राचं पेटंट मिळालं. जॉन फेराबी या भागीदाराच्या थ्रप गावातल्या कारखान्यात यंत्रं बनू लागली. लोखंडाचं धूड, मागे रोलर, रोलर फिरला की दातेरी चाकांमधून पाती गरगर फिरणार. सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेने घेतलं. तिथून आलेला अभिप्राय असा की, पाती आणि झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचं काम हे एकटं यंत्र करतं. मालकांना याहून गोड काय वाटणार? त्या सहा-आठ माणसांचं मत कोणी विचारून ठेवलेलं नाही.

बडिंगने पेटंटच्या अर्जात आणखी एक गंमत केली. खेड्यातल्या सभ्य गृहस्थांना हे यंत्र स्वतः ढकलताना करमणूक होईल आणि व्यायामही घडेल, असं त्याने सुचवलं. तोवर गवत कापणं हे मजुराचं काम होतं. यंत्र आल्यावर ते मालकाचा छंद बनू शकतं, हे या माणसाने ओळखलं. पुढच्या शंभर वर्षांत रविवारी सकाळी इंग्लंडभर जी घरघर ऐकू येणार होती, तिची बीजं या एका वाक्यात आहेत. बडिंग स्वतः मात्र १८४६ मध्ये गेला. त्याला ती ऐकायला मिळाली नाही.

मोठ्या लॉनसाठी यंत्राला तट्टू जुंपू लागले. तट्टाचे खूर ओल्या जमिनीत रुततात, म्हणून त्यांना चामड्याचे बूट घालायचे! हे बूट आजही तिकडच्या काही संग्रहालयांत बघायला मिळतात. ढकलायची यंत्रं दरम्यान हलकी आणि स्वस्त होत गेली. खेळ आले: क्रोके, मग टेनिस. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची. ती भरवण्यामागे क्लबचा मोडलेला, तट्टाने ओढायचा रोलर दुरुस्त करण्यासाठी पैसे उभे करणं हेही एक कारण होतं. आज तिथलं गवत शंभर टक्के राय आहे आणि ते बरोबर ८ मिलिमीटरवर कापतात.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने आणि बिल्डरांनी उपनगरं बांधायला घेतली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये जवळपास ४० लाख घरं उभी राहिली. बरीचशी जोडघरं, पुढे-मागे बाग असलेली. कालपर्यंत चाळवजा वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाला पहिल्यांदा स्वतःचं गवत मिळालं. नगरपालिकेच्या घरांमध्ये बाग नीट राखण्याची अट भाडेकरारात असायची. म्हणजे जमीनदाराची हौस दीडशे वर्षांत भाडेकरूचं कर्तव्य झाली. ही उलथापालथ मला तरी यंत्राच्या शोधापेक्षा मोठी वाटते.

दुसऱ्या महायुद्धात यातली असंख्य लॉन्स खणून बटाटे आणि कोबी लावले गेले. युद्ध संपल्यावर गवत परतलं, आणि त्याच्यासोबत रसायनं आली. पण रसायनांची गोष्ट त्याआधीच सुरू झाली होती, आणि तिचा एक धागा आपल्या जंगलांपर्यंत येतो.

डार्विनचे दोन प्रयोग

केंट परगण्यातल्या डाउन गावी चार्ल्स डार्विन चाळीस वर्षं राहिला. घराभोवती लॉन होतं, आणि तो माणूस लॉनकडेसुद्धा नुसता बघू शकत नसे.

बरीच वर्षं कापत आलेल्या हिरवळीचा तीन फूट बाय चार फुटांचा तुकडा त्याने न कापता वाढू दिला. त्यात २० जातींच्या वनस्पती होत्या. गवत मोकळं सोडल्यावर दांडग्या जातींनी वर डोकं काढलं, सावली केली आणि ९ जाती मेल्या. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये त्याने हे जगण्याच्या झगड्याचं उदाहरण म्हणून दिलं आहे. आज 'कापणी बंद करा, निसर्ग वाचवा' असं जे ऐकू येतं, त्याला हा छोटा तुकडा थोडा अडवतो. पातं दांडग्यांनाही कापतं, म्हणून बारक्यांना जागा राहते. नुसतं कापलेलं, खत न घातलेलं जुनं लॉन हे बऱ्याच छोट्या फुलांचं घर असू शकतं. तेव्हा गवत कापण्यालाच खलनायक ठरवून चालणार नाही.

दुसरा प्रयोग गांडुळांचा. १८४२ च्या डिसेंबरमध्ये त्याने घराजवळच्या एका कुरणावर खडूचे तुकडे पसरले. १८७१ मध्ये, २९ वर्षांनी, तिथे चर खणला. पांढऱ्या तुकड्यांची रेघ सात इंच खाली सापडली. खडू कोणी पुरला नव्हता. गांडुळांनी खालची माती खाऊन विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकली होती आणि खडू आपोआप गाडला गेला होता. अनेक ठिकाणी एका एकरात वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब. घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळून त्याने त्यांना मुलाचं बसून आणि बायकोचा पियानोही ऐकवला. ती ढिम्म. मात्र कुंडी पियानोवर ठेवली आणि सूर वाजला की गांडूळ झटकन बिळात. म्हणजे ऐकू येत नाही, हादरा कळतो.

हे सगळं १८८१ च्या ऑक्टोबरमध्ये पुस्तकरूपाने आलं. त्याचं शेवटचं पुस्तक. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला. पुस्तक हातोहात खपलं. लोकांनी गांडुळाचं कौतुक केलं, आणि लॉनवाल्यांनी ते मारायचा उद्योग सुरूच ठेवला.

त्यांची तक्रार खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. ओल्या शरदात गांडुळं लॉनवर मातीच्या ओल्या गोळ्या आणून टाकतात. त्यावर पाय किंवा रोलर पडला की चिखल फासला जातो, खालचं गवत गुदमरतं आणि उघड्या मातीत तण रुजतं. गोल्फचा चेंडू तर अशा गोळीवरून कुठेही जातो.

पेंड

मोहाचं झाड गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंत ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्याचं अर्थशास्त्र सांगायला नको. फुलं खायला आणि दारूला, बिया तेलाला. तेल काढून उरलेली पेंड मात्र गुरांना घालता येत नाही. तिच्यात सॅपोनिन नावाची, फेस करणारी द्रव्यं असतात. मध्य भारतात ही पेंड पाण्यात टाकून मासे गुंगवून धरायची रीत जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साबण, मेणबत्त्या आणि पुढे खाण्याचं चरबट बनवण्यासाठी युरोपला तेलबिया हव्या होत्या. मोहाच्या बियाही जहाजांतून तिकडे जाऊ लागल्या. तेल निघाल्यावर तिथेही तोच प्रश्न: पेंडीचं करायचं काय? उत्तर गोल्फच्या मैदानांवर सापडलं. पेंडीची भुकटी गवतावर पसरायची आणि वर भरपूर पाणी मारायचं. सॅपोनिनने गांडुळाची त्वचा जळजळते, थोड्याच वेळात ती शेकड्याने वर येतात, तडफडतात, मरतात. मग झाडून पाट्या भरायच्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत 'मौरा मील' या नावाने ही पेंड ब्रिटनमध्ये लॉन राखणाऱ्यांच्या ओळखीची झाली होती. 'मौरा' म्हणजे आपला मोहच. डब्यावरचं नाव वाचणाऱ्या इंग्रज माळ्याला त्यामागचं झाड माहीत असायचं कारण नव्हतं, आणि उन्हाळ्यात झाडाखाली वाकून बिया वेचणाऱ्या बाईला हे लॉन.

याच मोहाच्या फुलांवर, दारूच्या महसुलापायी, मुंबई सरकारने १८९२ मध्ये खास कायदा करून निर्बंध घातले होते. फुलावर पहारा होता. बीला मात्र वाट मोकळी होती. एकाच झाडाकडे साम्राज्य किती वेगवेगळ्या डोळ्यांनी बघू शकतं!

मोहाची पेंड तरी निसर्गात विरून जायची. तिच्यामागून आली ती शिशाची आर्सेनेटं, आणि महायुद्धानंतर क्लोरडेन. एकदा टाकलं की वर्षानुवर्षं मातीत टिकणारं विष. तण मारायला एमसीपीएसारखी संप्रेरकं आली. ती रुंद पानांच्या वनस्पती मारतात आणि गवत सोडतात. डेझी आणि क्लोव्हर आता लॉनमधून गाळता येऊ लागले. डार्विनच्या २० जातींच्या तुकड्यातून एकाच जातीच्या गालिच्याकडे जायचा रस्ता इथे खुला झाला.

आणखी एक, जास्त सभ्य उपाय होता: अमोनियम सल्फेट. हे खत नत्र देतं आणि माती आंबट करतं. आंबट माती गांडुळांना आणि क्लोव्हरला सोसत नाही, काही बारीक गवतांना चालते. एका दगडात तीन पक्षी. १९२० च्या दशकात तर जमीन आंबट ठेवणं हे गोल्फ मैदानांचं शास्त्रच झालं होतं.

याचा शेवट काय होतो, हे हर्टफर्डशायरमधल्या रॉथमस्टेडला बघायला मिळतं. जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये तिथल्या एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळं खत द्यायला सुरुवात केली. प्रयोग आजही चालू आहे. काहीच न दिलेल्या पट्ट्यांत चाळीसच्या घरात जाती सापडतात. अमोनियम सल्फेटचा मारा झालेल्या, आंबट झालेल्या पट्ट्यांत उरल्या आहेत दोन-तीन. आणि तिथे जमिनीवर एक तपकिरी, स्पंजासारखा थर साचला आहे. मेलेल्या गवताचा. तो कुजत नाही, कारण त्याला ओढून मातीत कालवणारं कोणी उरलेलंच नाही.

ऑक्टोबरची कामं

आता ब्रिटनमधल्या एखाद्या साध्या घरमालकाचं ऑक्टोबरमधलं काम बघा. दातेरी दांडीने खरवडून लॉनमधलं शेवाळ आणि मेलेल्या काड्यांचा थर उपसायचा. यासाठी यंत्र भाड्यानेही मिळतं. मग फावड्याऐवजी काट्याने जमिनीला भोकं पाडायची. पावसाने आणि पावलांनी दाबलेल्या मातीत हवा शिरली पाहिजे, पाणी निचरलं पाहिजे. मग वाळू, माती आणि कुजलेलं खत यांचं मिश्रण पातळसर पसरून ब्रशने भोकांत लोटायचं. शेवाळ फार असेल तर लोहाचं सल्फेट. त्याने ते दोन-तीन दिवसांत काळं पडतं. पण सावली, आंबट माती, साचणारं पाणी आणि फार बुटकी कापणी ही कारणं तशीच राहिली तर पुढच्या हिवाळ्यात परत हजर.

यादी पुन्हा वाचा. मेलेला थर मोडणं, भोकं पाडणं, वरून ताजी माती पसरणं. डार्विनने गांडुळाच्या नावावर लिहिलेली हीच कामं आहेत. फरक एवढाच की गांडूळ ती रात्री करतं आणि सकाळी गोळ्यांचा पसारा ठेवून जातं. ज्यांना पसारा नको होता त्यांनी कामगाराला हाकललं आणि मग त्याचं काम पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रांकडून करून घेतलं. मला विचाराल तर घरच्या लॉनसाठी हा सौदा कधीच फायद्याचा नव्हता. गोल्फवाल्यांचं मत वेगळं असेल.

क्लोरडेनवर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी आली. नंतर गोळ्या कमी करायला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक वापरत, तेही गेलं. आज ब्रिटनमध्ये गांडुळं मारायला परवानगी असलेलं एकही रसायन नाही. मैदानं राखणारे लोक पुन्हा जुन्या उपायाकडे वळले आहेत: कोरड्या सकाळी लांब, लवचीक काठी गवतावरून सपासप फिरवायची, म्हणजे वाळलेल्या गोळ्या फुटून विखुरतात. पूर्वी ती काठी बांबूची असे.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमागचं, चॅपल आणि नदी यांच्यामधलं लॉन १७७२ पासूनचं. २०१९ मध्ये माळ्यांनी त्याचा एक भाग खणून रानफुलांचं बी पेरलं. २०२० च्या उन्हाळ्यात तिथे पॉपी आणि कॉर्नफ्लॉवर फुलले आणि फोटो जगभर फिरले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शेजारच्या उरलेल्या लॉनपेक्षा तिथे वनस्पती, कोळी आणि किडे यांच्या तिपटीहून जास्त प्रजाती आढळल्या. हे कुरणही कापावं लागतंच, फक्त वर्षातून एकदा, उन्हाळा सरताना. २०२१ मध्ये ते कापायला शायर जातीचे घोडे आणले होते, आणि शेजारचं लॉन त्याच आठवड्यात नेहमीसारखं यंत्राने कापलं गेलं असणार.